तिथीची पाऊणपट

आमच्या घरात रोज सकाळी चहाच्या आधी समुद्राची चौकशी होते. बाबा उठतात, चष्मा पुसतात, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कालनिर्णयावर तिथी बघतात आणि जाहीर करतात, "आज षष्ठी. साडेचारला भरती." पूर्वी ते आईला सांगायचे. आई गेल्यापासून मला सांगतात.

घर बडोद्यात, दांडिया बाजारात. खिडकीतून दिसतं ते समोरच्या जुन्या वाड्याचं लाकडी नक्षीचं तोंड आणि खाली सकाळपासून वाजणारे हॉर्न. बाबांची भरती येते ती इथून सातशेहून जास्त किलोमीटरवर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात, कशेळी नावाच्या गावाखाली. तिथून आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीसाठी बडोद्याला आले, कचेरीत कारकून म्हणून लागले आणि इथलेच झाले. मागे घर उरलं नाही, जमीन उरली नाही. रथसप्तमीला कनकादित्याच्या उत्सवाची मनीऑर्डर जायची आणि महिन्याभराने पाकिटातून प्रसादाचं कुंकू यायचं. त्याखेरीज गावाकडून आमच्याकडे आलेली एकच गोष्ट टिकली, ती म्हणजे हा हिशेब.

हिशेब कोकणातल्या पोरालाही येतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसाही तेच, रात्रीही तेच. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजायला सुरुवात. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. यामागे चंद्र आहे. तो रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येतो आणि त्याच्या मागोमाग पाणीही तेवढंच मागे सरकतं. आबांनी, म्हणजे आजोबांनी, याचं कोष्टक एका वहीत शाईने लिहून ठेवलं होतं. प्रतिपदा पाऊण, द्वितीया दीड, तृतीया सव्वादोन, असं पंधरापर्यंत. आबांनी कशेळी पाहिली नव्हती. बाबांनीही नाही. न पाहिलेल्या पाण्याचं वेळापत्रक दोन पिढ्या तोंडपाठ ठेवत आल्या, हे मला लहानपणी अगदी साधं वाटायचं. सगळ्यांच्या घरी होत असेल असं वाटायचं.

मी सातवीत असताना आम्ही कावी-कंबोईला गेलो. बडोदेकरांचा जवळचा समुद्र तोच. तिथे स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. भरतीला ते पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पिंडीचं दर्शन होतं. दिवस पौर्णिमेचा होता. बाबांनी आदल्या रात्रीच सांगितलं, सव्वाअकराला भरती, साडेपाचला ओहोटी, आपण पाचच्या सुमारास पोचू, म्हणजे दर्शन मिळेल. आम्ही पोचलो. समोर नजर जाईल तिथवर चहाच्या रंगाचं पाणी तुडुंब भरलेलं, आणि देऊळ दिसेना. काठावर नारळ विकणारा म्हणाला, "अत्यारे तो भरती छे, काका. ओट तो राते." बाबा बराच वेळ घड्याळ आणि पाणी आळीपाळीने बघत राहिले. दर्शन न घेता परतलो. बसमध्ये मी म्हटलं, आबांचं गणित खोटं आहे. बाबा काही बोलले नाहीत. ते न बोलणं माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही.

खरं कारण मला कॉलेजात कळलं. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे, तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं. समुद्रातली भरतीची लाट त्यात शिरते, आत चढत जाते आणि जागा कमी पडेल तशी उंचावते. म्हणूनच तिथे भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या घरात जातो. कोकणात तो दोन-अडीच मीटर. आणि ही चढण चढायला पाण्याला वेळ लागतो, म्हणून मुंबईच्या मानाने तिथली भरती काही तास उशिरा येते. साबरमती, मही, नर्मदा, तापी या सगळ्या आपापली माती घेऊन तिथे येतात, म्हणून पाणी गढूळ. आमची विश्वामित्रीसुद्धा ढाढर नदीला मिळून शेवटी तिथेच जाते. म्हणजे आबांचं गणित खोटं नव्हतं. ते कोकणपट्टीचं होतं आणि आम्ही ते आखातात वापरायला गेलो होतो. मी धावत घरी येऊन बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "असणारच." पण ते असणारच कधी कुणी जाऊन पाहिलं नव्हतं.

यंदा बाबांना 79 पूर्ण झाली. दोन्ही गुडघे थकलेत. दिवाळीनंतर एका सकाळी तिथी सांगून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "एकदा जाऊन येऊ या का?" कुठे, हे विचारावं लागलं नाही. दिवस मात्र त्यांनीच ठरवला. रथसप्तमीची गर्दी नको. त्यानंतरची पौर्णिमा. सव्वाअकरा आणि साडेपाच. कावीला चुकलेली तीच वेळ.

केरळकडे जाणारी गाडी बडोद्याहून थेट रत्नागिरीला सोडते. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 मध्ये, तिच्याआधी हा प्रवास म्हणजे मुंबई गाठा, मग बस नाहीतर बोट पकडा असा होता. पणजोबा परत का आले नाहीत याचं अर्धं उत्तर मला त्या डब्यातच मिळालं. रत्नागिरीहून गाडी केली. भाट्ये, पावस, मग पूर्णगडाजवळ मुचकुंदीची खाडी ओलांडायची, मग गावखडीची सुरूची झाडं. उजव्या हाताला समुद्र मधेच दिसायचा आणि मधेच डोंगराआड जायचा. बाबा काचेला नाक लावून बसले होते. एकदाच बोलले, "निळा आहे गं."

कशेळीत आधी देवळात गेलो. कनकादित्य म्हणजे सूर्य. सूर्याची देवळं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं हे एक. कथा अशी सांगतात की प्रभासपाटणहून एक व्यापारी सूर्याच्या मूर्ती गलबतात घालून दक्षिणेकडे निघाला होता. कशेळीच्या किनाऱ्यासमोर गलबत अडलं, काही केल्या पुढे सरकेना. तेव्हा त्याने एक मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली आणि गलबत सुटलं. पुढे कनका नावाच्या भाविक स्त्रीला दृष्टांत झाला, गावकऱ्यांनी मूर्ती घळीतून वर आणली, आणि तिच्या नावावरून देव कनकादित्य झाला. कथा कथेच्या जागी. पण देवस्थानाकडे शिलाहार राजा भोज दुसरा याचा ताम्रपट आहे, शके 1113 चा, म्हणजे इ.स. 1191. सव्वाआठशे वर्षांपूर्वीही हा देव इथे होता आणि राजाला ठाऊक होता.

गुरुजींनी विचारलं, "कुठून आलात?"

"बडोद्याहून," बाबा म्हणाले. "गुजरात."

"म्हणजे देवाच्या मुलखातून."

बाबा प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही हो, प्रभास सौराष्ट्रात, आमच्यापासून लांब आहे." पण बाहेर आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "तो तिकडून इकडे आला आणि आपण इकडून तिकडे गेलो. वाटेत कुठे भेट झाली असेल?" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यभर हिशेब ठेवलेला माणूस, असलं काही बोलत नाही कधी.

ज्या घळीत मूर्ती ठेवली होती तिच्यावरून खालच्या किनाऱ्याला देवघळी म्हणतात. गावातून सड्यावर यायचं. सडा म्हणजे डोंगरमाथ्याचं उघडं पठार, पायाखाली सगळा जांभा. हा दगड मला आधी भाजल्यासारखा वाटला, भोकाभोकांचा, गंजक्या रंगाचा. लाखो वर्षं पडणारा पाऊस मूळ खडकातलं विरघळेल ते धुऊन नेतो आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागे ठेवतो, त्याचा हा जांभा. खाणीतून काढताना मऊ असतो म्हणून त्याचे चिरे सहज निघतात, मग उन्हा-वाऱ्यात तो टणक होतो. याच गावाच्या सड्यावर, याच दगडात, कुणीतरी फार पूर्वी एक हत्ती कोरलाय. 18 मीटरच्या आसपास लांब, आणि त्याच्या पोटात इतर जनावरांची आणि माशांची चित्रं. सकाळी आम्ही तो पाहिला. जमिनीवर उभं राहून तो अख्खा दिसतच नाही, सोंडेपासून पायापर्यंत चालत जावं लागतं. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कोरणाऱ्यानेही काम थांबवून समुद्राकडे पाहिलं असेल, असं मला तिथे फार वाटलं.

साडेतीनला देवघळीच्या वर पोचलो. सडा एकाएकी संपतो आणि खाली, दोन उंच कड्यांच्या मधे, ओंजळभर पुळण दिसते. तेवढीच. दोन्ही बाजूंना कातळ समुद्रात घुसलेला, वर तांबूस आणि खाली पाण्याशी काळा. वळून दुसरीकडे जायला किनारा नाही. आत यायची वाट एक वरून आणि एक समुद्रातून. गणपतीपुळ्याची लांबरुंद पुळण पाहिलेल्या माणसाला ही जागा कुणीतरी लपवून ठेवल्यासारखी वाटेल.

उतरण बाबांना झेपणारी नव्हती. ते त्यांनाही ठाऊक होतं, तरी त्यांनी काठीने दोन पावलं चाचपून पाहिली आणि मग स्वतःच मागे आले. गाडीवाल्या दादाने कडेपासून सुरक्षित अंतरावर त्यांच्यासाठी दगडावर टॉवेल घातला. आमचं ठरलं असं. मी खाली जाऊन पाण्यावर लक्ष ठेवायचं. पाणी उतरायचं थांबलं की ओढणी हलवायची. बाबा वरून वेळ टिपतील. आम्ही घड्याळं जुळवली. दादा म्हणाला, "ताई, पाण्यात जाऊ नका हां. इथलं पाणी ओढतं."

खाली माझ्याशिवाय एक जोडपं होतं, तेही थोड्या वेळाने वर गेलं. मग मी एकटीच उरले. आवाज इतका की स्वतःचा श्वास ऐकू येईना. लाट उजवीकडच्या कातळाच्या फटीत शिरली की आधी आतली हवा फुस्सकन बाहेर येते, मग खोलवर कुठेतरी धप्प होतं, आणि तो दणका आधी तळपायांना कळतो, कानांना नंतर.

पाणी उतरतंय हे नुसतं बघून कळत नाही. एक लाट वर येते, एक कमी येते, डोळा फसतो. मग मी असं केलं. दर पाच मिनिटांत सगळ्यात वरपर्यंत आलेली लाट बघायची आणि तिच्या ओल्या कडेवर एक शंख ठेवायचा. पहिला शंख साडेचारला ठेवला. दुसरा त्याच्या खाली हातभर अंतरावर. तिसरा तसाच. सातव्या-आठव्यापर्यंत अंतर वीतभर झालं. पुढे चार बोटं. मला शंख शोधायला इकडे तिकडे पळावं लागत होतं आणि बाबा वरून दिसत होते, टॉवेलावर ताठ बसलेले, काठी गुडघ्यांवर आडवी.

मधल्या वेळात मी कातळाकडे गेले. उधाणाची ओहोटी, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारी खडपं उघडी पडली होती. त्यांवर पट्टे दिसत होते, वर पांढुरका, त्याखाली कालवांचा धारदार करडा, त्याखाली शेवाळाचा काळा-हिरवा. कुठवर पाणी रोज येतं आणि कुठवर फक्त पौर्णिमा-अमावास्येला, ते दगडानेच आखून ठेवलेलं. एका खळग्यात ताटाएवढं पाणी अडकलं होतं. त्यात काचेसारखे दोन मासे, बोटाच्या पेरभर. एक शंख तिरपा तिरपा चालत होता, म्हणजे आत खेकडा. माझी सावली पडली तसा तो जागीच आपटल्यासारखा थांबला. मी मागे सरले. आधी एक नांगी बाहेर आली, मग देठावरचे दोन डोळे, आणि मग तो शंख उचलून पुन्हा निघाला. त्याला बहुतेक माहीत होतं की पाणी परत येणार आहे, आणि कधी येणार तेही.

त्याच खडपाच्या बेचक्यात नायलॉनच्या जाळ्याचा गुंता, दोन बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं अडकलेली होती. जाळं आणि बाटल्या समुद्राने आणल्या असतील. पाकिटं वरून आली. ही जागा आता मोबाइलवरून सगळ्यांना कळली आहे आणि लोक येणार, मीही तशीच आले. पण कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढताना हातातलं पाकीट वाऱ्यावर सोडून देणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. एवढीशी पुळण आहे. चार माणसांनी चार पाकिटं टाकली की तिथे दुसरं काही दिसत नाही. जेवढं पिशवीत मावलं तेवढं मी भरून घेतलं.

पाच पस्तीसला शंख मागच्या शंखाला टेकला. पाच चाळीसचाही टेकला. तो पंधरावा. त्यानंतर मी श्वास रोखून बसले म्हटलं तरी चालेल. पाच पंचेचाळीसला लाट आली, पंधराव्या शंखाला भिजवून गेली आणि दोन बोटं वर थांबली. एखादी चुकार लाट असेल म्हणून अजून चार बघितल्या. त्यांतल्या दोघीही वरच आल्या. सोळावा शंख पंधराव्याच्या वरच्या अंगाला ठेवावा लागला.

मी उठून ओढणी सोडवली आणि दोन्ही हातांनी हलवली. वर बाबा उभे राहिले. उभं राहायला त्यांना वेळ लागतो, पण तेव्हा दादाचा हात न धरता उठले. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. मग काठी सरळ वर केली, डोक्याच्या वर, आणि तशीच धरून ठेवली.

सूर्य अजून वर होता. तो बुडेपर्यंत मी खाली थांबले नाही. सूर्यास्त मोबाइलवर पुष्कळ लोकांनी टाकलेत. मला बाबांचं तोंड बघायचं होतं. धापा टाकत वर आले तेव्हा ते पुन्हा बसले होते आणि खालच्या शंखांच्या ओळीकडे बघत होते. वरून ती दिसत होती, वाळूवर पांढऱ्या ठिपक्यांची, वर विरळ आणि खाली दाट होत गेलेली.

"पाच चाळीस," मी म्हटलं. "हिशेबाप्रमाणे साडेपाच यायला हवं होतं. दहा मिनिटांचा फरक."

"आबा असते तर," ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. कावीच्या बसमध्ये गप्प बसले होते तसे नाही. या वेळी माझा हात त्यांच्या हातात होता.

थोड्या वेळाने मागून, गावाच्या बाजूने, माडांवर चंद्र आला आणि समोर सूर्य टेकला. पाणी तोवर बरेचसे शंख गिळून वर आलं होतं.

घरी आल्यावर बाबांनी कपाटाच्या तळातून आबांची वही काढायला लावली. पानं पिवळी पडलीत, कोष्टकाची शाई तपकिरी झालीये. पंधराव्या ओळीखाली कोरी जागा होती. तिथे त्यांनी शिसपेन्सिलीने, हात स्थिर धरून, लिहिलं: माघ शु. 15. देवघळी. ओहोटी 5.40. शंख 15. आणि खाली माझं नाव घातलं, निरीक्षण केलं म्हणून.

आज सकाळी ते कालनिर्णयासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मी गॅसवर आधण ठेवत होते.

"आज संकष्टी," ते म्हणाले. "चार पाऊण तीन. तीन दहाला भरती."